शिराज अकलूजला येते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते, शेंगाची चटणी आठवते, कडक भाकरी आठवते आणि ऊन तर आठवतेच. वाइन कोणालाच आठवत नाही. पण आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या आसपास वाइनच्या द्राक्षांच्या मोठ्या बागा आहेत. पुण्या-मुंबईचे लोक आठ-दहा जणांचा गट करून तिथे एक दिवसाच्या सहलीला येतात. बाग पाहायची, वाइन कशी होते ते पाहायचे, चार-पाच प्रकार चाखायचे आणि संध्याकाळी परतायचे. एका फेब्रुवारीत आमच्या ओळखीतल्या मंडळींनी असा बेत केला. एक निवृत्त बँक अधिकारी, एक डॉक्टर दांपत्य, चाटी गल्लीतले एक कापड व्यापारी. मला म्हणाले, "कविराज, तुम्हीही चला." मी पीत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. गाडीत बसता बसता व्यापारी मित्रांनी विचारलेच, "तुम्ही तिथे येऊन करणार काय?" मी म्हटले, "आमच्या गझलेचा निम्मा संसार द्राक्षावर चालतो. एकदा झाड तरी बघू द्या."

पंढरपूर मागे टाकून वेळापूरला थांबलो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरचे हे गाव. तिथे अर्धनारीनटेश्वराचे जुने मंदिर आहे आणि यादव राजा रामचंद्राच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. आपली भाषा सातशे वर्षांपूर्वी दगडावर कशी दिसत होती, हे पाहण्यासाठी तरी प्रत्येकाने तिथे जावे. मंदिराच्या आवारात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतका जुना हा मुलूख, पण वाइन मात्र परकीच, नाही का?" बँकवाले म्हणाले, "परकीच. आधी मुसलमानी दरबारांची चैन, मग साहेबांची." बोलून झाल्यावर माझ्याकडे पाहून ते जरा ओशाळले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही, म्हणून तिचे उत्तर सावकाश द्यायला हवे.

उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. बार्शीच्या पलीकडे धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, गोरोबाकाकांचे तेर. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जी नोंद करून ठेवली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. तगरहून गाड्यांवर लादलेले कापड भडोच बंदराला जाई, असे तो सांगतो. आणि भडोचला बाहेरून येणाऱ्या मालात तो वाइन मोजतो. त्यातही इटलीच्या वाइनला पसंती जास्त, हेही नोंदवतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि अफगाण मुलखातल्या कापिशीवरून 'कापिशायन' हे त्याचे नाव दिले आहे. तगरच्या गाड्या भडोचला जात होत्या, तेव्हा इस्लामचा उदय व्हायला अजून साडेपाचशे वर्षे होती. कापड पाठवणारा हा आपला प्रदेश आणि वाइन पाठवणारी ती इटली, एकाच बंदरात भेटत होती. हे ऐकून व्यापारी मित्र खूष झाले. कापडाचा धंदा इतका जुना निघाला!

पुढचा साक्षीदार चौदाव्या शतकातला. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा तिथली द्राक्षे आणि डाळिंबे पाहून त्याने लिहिले, की इथे वर्षातून दोनदा फळ येते. ही प्रवाशाची अतिशयोक्ती नव्हे. थंड देशांत द्राक्षाची वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे तिला झोप लागावी इतकी थंडीच पडत नाही. म्हणून आपला शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काडी तयार व्हावी म्हणून, आणि पावसाळा सरल्यावर फळछाटणी, म्हणजे घड यावेत म्हणून. दुसरे पीक पावसात सापडून वाया जाते, म्हणून आता एकच घेतात. युरोपात द्राक्षांची तोडणी उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते. आपल्याकडे ती जानेवारी ते मार्चमध्ये होते. परकी वेल इथे आली ती इथले पंचांग शिकूनच राहिली.

आता दरबारांकडे वळू. कारण ते नाकारण्यात अर्थ नाही. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर गुलबर्गा. तिथे १३७८ ते १३९७ या काळात दुसरा महंमदशहा बहमनी राज्य करत होता. विद्येचा चाहता राजा. त्याचा वजीर मीर फजलुल्ला इंजू याने शिराजच्या हाफिजला दख्खनला येण्याचे आमंत्रण पाठवले, सोबत वाटखर्चही. ही हकीकत फिरिश्ता सांगतो. हा इतिहासकारही आपल्याच मुलखातला म्हणायचा, आधी अहमदनगरला आणि मग विजापूरला राहिलेला. तो लिहितो, की हाफिजने आलेल्या पैशांतले बरेचसे नातलगांत आणि देणेकऱ्यांत वाटून टाकले, उरलेले वाटेत एका लुबाडल्या गेलेल्या मित्राला दिले आणि व्यापाऱ्यांच्या मदतीने कसाबसा होर्मूझ बंदरात पोचला. जहाजावर चढलाही. तेवढ्यात वादळ उठले. हाफिज खाली उतरला तो पुन्हा चढलाच नाही. वजिराला एक गझल पाठवून दिली आणि घरी गेला. दख्खनला हाफिज मिळाला नाही, त्याची एक गझल मिळाली.

त्या हाफिजच्या गावाचे नाव असलेले द्राक्ष मात्र सहाशे वर्षांनी माळशिरस तालुक्यात लागले. 'शिराज' या काळ्या द्राक्षाची वाइन तिथे होते. इराणच्या शिराज शहरावरून ही जात आली, अशी दंतकथा जगभर सांगितली जाते. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी तिचा डीएनए तपासला, तेव्हा तिचे आईबाप आग्नेय फ्रान्समधले दोन जुने वेल निघाले. म्हणजे नाव इराणी, घराणे फ्रेंच आणि वस्ती अकलूजची. आमच्यात अशी माणसेही पुष्कळ आहेत.

पण सगळेच हाफिजसारखे परत गेले नाहीत. खुरासानचा जुहूरी आला आणि इथेच राहिला. त्याचा 'साकीनामा' हा फारसीतला गाजलेला ग्रंथ. तो त्याने इथेच, अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केला. पुढे तो विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या पदरी गेला. अहमदनगर आणि विजापूर या दोन राजधान्यांच्या मधोमध आपले सोलापूर. १५२४ साली सोलापूरचा किल्ला निजामशहाला लग्नात आंदण म्हणून कबूल केला आणि दिला नाही, यावरून दोन्ही घराणी कित्येक वर्षे लढत राहिली. किल्ल्यासाठी तलवारी चालत होत्या आणि त्याच काळात त्याच दोन दरबारांत साकी आणि पेल्याची कविता लिहिली जात होती.

अकलूजला नीरेच्या काठी किल्ला आहे, त्यात आज शिवसृष्टी उभी आहे. १६८९ च्या सुरुवातीला औरंगजेबाची छावणी याच अकलूजला होती आणि संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी त्याला इथेच पोचली. तिथे उभे राहिले की मन जड होते. माझेही झाले. हा इतिहास आहे, तो झाकायचा नाही आणि गुळगुळीतही करायचा नाही. पण मुलूख नुसत्या छावण्यांनी घडत नाही. छावण्या उठून जातात. मुलूख घडतो तो बागाईतदारांनी, कालव्यांनी आणि कलमांनी.

या भागात पाऊस मुळातच कमी. १९२८ मध्ये भाटघरचे धरण पुरे झाले, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरसकडे आले आणि १९३० च्या दशकात सासवडच्या माळी मंडळींनी इथे येऊन माळीनगर वसवले, साखर कारखाना काढला. इकडे सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' ही लांबट मण्यांची बिनबियांची जात निवडून वाढवली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. २००७ साली अकलूजजवळच्या माळरानावर तीन भावांच्या जोड्या एकत्र आल्या. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की. कंपनीचे नाव 'फ्रातेली'. इटालियन भाषेत त्याचा अर्थ भाऊ. दोन हजार वर्षांपूर्वी भडोचला उतरणारी इटलीची वाइन आता माळशिरसच्या मातीतच होऊ लागली.

आम्ही पोचलो तेव्हा तोडणी चालू होती. ही द्राक्षे बाजारातल्यासारखी टपोरी नसतात. बारीक, जाड सालीची आणि बियांची. काळ्या द्राक्षाचाही रस पांढराच निघतो. सालीसकट आंबवला तरच त्याला लाल रंग चढतो, हे मला तिथे कळले. घड तोडणाऱ्या एका मावशींना विचारले, "कशी लागतात ही?" त्या म्हणाल्या, "गोड हायती चाचा, पण नुसत्या बियाच दाताखाली येत्यात. पोरं खात न्हाईत. आमची खायाची निराळी." मग चाखण्याचा कार्यक्रम. पेला उजेडात धरून रंग पाहायचा, हलकेच फिरवायचा, वास घ्यायचा आणि घोट घ्यायचा. घोट गिळायचा नसेल तर शेजारी पिकदाणीसारखे भांडे असते. चारांतल्या तीन गोष्टी मला जमण्यासारख्या होत्या, त्या मी केल्या. माझ्यासाठी द्राक्षाचा ताजा रस मागवला होता. डॉक्टर म्हणाले, "तुमचाच फायदा झाला."

एका गोष्टीचे नवल मला त्या दिवशी पुन्हा वाटले. आपण मराठीत द्राक्षाविषयी बोलतो तेव्हा निम्मे शब्द फारसी असतात. द्राक्ष संस्कृत, पण बाग फारसी. पेला हा प्याल्याचा, सुरई ही सुराहीची. बेदाणा म्हणजे बे-दाना, ज्याला बी नाही तो. आडत्यापासून आजीपर्यंत सगळे हा शब्द वापरतात आणि तो बाहेरून आला याची कोणालाच आठवण नाही. माधव ज्यूलियन यांनी फारसी-मराठी कोश केला, उमर खय्यामच्या रुबाया थेट फारसीतून मराठीत आणल्या आणि पुढे इंग्रजीवरून केलेल्या अनुवादाला 'द्राक्षकन्या' असे नाव दिले. द्राक्षाची कन्या म्हणजे वाइन, ही फारसी कवींची जुनी कल्पना. एका पटवर्धनाने ती मराठीच्या घरात सून म्हणून आणली.

मी वाइनची वकिली करत नाही. गिरणगावातल्या चाळींत दारूने बसलेली घरे मी पाहिली आहेत, आणि माझा धर्म मला जे सांगतो ते मी पाळतो. सरकारचाही निर्णय होत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, २००१ साली वाइन उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण आले, २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय झाला आणि विरोधानंतर तो मागेच पडला. हा वाद चालत राहील. पण वाइन प्यावी की नाही हा एक प्रश्न, आणि ती आपली की परकी हा दुसरा. दोन्हींची गल्लत करू नये.

कलम या शब्दाचे मराठीत तीन अर्थ. लेखणी, कायद्यातला परिच्छेद आणि झाडाला बांधलेली फांदी. शब्द एकच, तोही अरबी-फारसीतून आलेला. एकोणिसाव्या शतकात मुळांच्या किडीने युरोपातल्या द्राक्षबागा बसल्या, तेव्हा अमेरिकेच्या रानवेलीच्या मुळावर युरोपची फांदी बांधून त्या वाचवल्या. आपल्याकडेही खारट जमिनीत आणि कमी पाण्यात तग धरावा म्हणून 'डॉगरिज' या अमेरिकन वेलीच्या मुळावर कलम करतात. बाग उभी असते ती त्या सांध्यावर. मी मराठीत लिहितो म्हणून अजूनही कोणी कौतुकाने विचारतो, "तुम्ही मराठी कसे काय शिकलात?" अशा वेळी मला द्राक्षाचा मळा दाखवावासा वाटतो.

अशा सहलीला जरूर जावे. जाताना वेळापूरचे लेख पाहावेत, सवड काढून तेरचे संग्रहालय पाहावे. चाखायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. विचारायला मात्र विसरू नये, की हे झाड इथे कुठून आले, कोणी रुजवले आणि आज त्याला पाणी कोण घालते.