गृहमंडळी

गृहमंडळी : ख्रिस्ती मंडळीच्या सभासदांनी कोणा एकाच्या घरी ठरावीक दिवशी जमून प्रार्थना, वचनवाचन आणि एकमेकांची विचारपूस करण्याची पद्धत; तसेच अशा रीतीने जमणारा छोटा गट. गटात साधारणपणे आठ ते पंधरा माणसे असतात. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या बैठकीला घरप्रार्थना किंवा कॉटेज मीटिंग म्हणतात, शहरांतल्या नव्या मंडळ्यांत सेल ग्रूप, तर कॅथलिक धर्मग्रामांत लहान ख्रिस्ती समूह. रविवारच्या उपासनेला ही बैठक पर्याय नाही. तीनशे माणसांच्या उपासनेत एखादा तीन आठवडे आला नाही तरी कळत नाही. दहा जणांच्या बैठकीत त्याची जागा पहिल्याच दिवशी रिकामी दिसते आणि कोणीतरी त्याच्या दारी जाते. या पद्धतीचे खरे मोल इथे आहे.

ख्रिस्ती मंडळीची सुरुवातच घरांत झाली. यरुशलेमेतले पहिले शिष्य घरोघरी भाकर मोडत, असे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदले आहे. पेत्र तुरुंगातून सुटला तेव्हा तो योहान मार्कची आई मरीया हिच्या घरी गेला, कारण तिथे पुष्कळ जण प्रार्थनेसाठी जमले होते. फिलिप्पै इथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियाचे घर, कलस्सै इथे फिलेमोनाचे घर, इफिस आणि पुढे रोम इथे प्रिस्किल्ला व अक्विल्ला या तंबू करणाऱ्या जोडप्याचे घर : पौलाच्या पत्रांतले नमस्कार अशा घरांत जमणाऱ्या मंडळ्यांना पोहोचतात. यजमानांत स्त्रियांची नावे बरोबरीने येतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घर म्हणजे आपोआप समता, असे मात्र नव्हते. करिंथच्या मंडळीत सधन लोक आधी जेवून घेत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. त्याबद्दल पौलाने त्यांना कडक शब्दांत फटकारले आहे.

घरांत जमणाऱ्या मंडळीचा ठळक पुरातत्त्वीय पुरावा सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या नगरात मिळाला. येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमी यांच्या उत्खननात 1930 च्या दशकाच्या आरंभी तिथे एक साधे राहते घर सापडले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ते उपासनेसाठी बदलून घेतलेले होते. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांबट दालन केलेले, आणि बाजूच्या लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड. त्या खोलीच्या भिंतींवर उत्तम मेंढपाळ, बरा होऊन खाट उचलून चालणारा पक्षघाती आणि कबरेकडे निघालेल्या स्त्रिया अशी चित्रे होती. 256 च्या सुमारास सासानी सैन्याने नगराला वेढा दिला, तेव्हा तटाला बळकटी देण्यासाठी रक्षकांनी तटालगतची घरे मातीने भरली. त्या मातीने ही चित्रे राखली.

चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला राजमान्यता दिल्यावर मोठी मंदिरे उभी राहिली आणि घरची बैठक मागे पडली. ती पुन्हा वर आली ती धर्मसुधारणेनंतर. मार्टिन ल्यूथरने 1526 मध्ये जर्मन उपासनेच्या प्रस्तावनेत मनापासून ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्यांनी घरी जमावे अशी कल्पना मांडली. पण त्यासाठी लागणारी माणसे आपल्याकडे अजून नाहीत, असे सांगून ती तिथेच सोडली. फिलिप याकोब श्पेनर या लूथरन पाळकाने 1670 मध्ये फ्रँकफुर्टला स्वतःच्या घरी ती अमलात आणली. रविवारच्या प्रवचनावर आणि भक्तिपर ग्रंथांवर तिथे सामान्य माणसेही बोलत. 1675 च्या ‘पिआ देसिदेरिआ’ या पुस्तकात त्याने अशा बैठकांचा आग्रह धरला आणि त्यातून जर्मनीत पाएटिझम ही भक्तिचळवळ फोफावली. पुढे फ्रँकफुर्टमधल्याच काही जणांनी अधिकृत मंडळीशी फारकत घेतली. घरच्या गटाला आपणच खरी मंडळी आहोत असे वाटू लागण्याचा धोका तेव्हापासून कायम आहे.

सत्तेलाही या बैठकांची धास्ती वाटे. इंग्लंडमध्ये 1664 च्या कायद्याने घरातल्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जणांनी राजमान्य पद्धतीबाहेर उपासनेला जमणे गुन्हा ठरवले. डेन्मार्क-नॉर्वेत 1741 च्या फर्मानाने पाळकाच्या देखरेखीशिवाय भरणाऱ्या घरसभांवर बंधने आली. नॉर्वेतला शेतकऱ्याचा मुलगा हान्स नील्सेन हाउगे गावोगाव घरांत प्रवचने करी; त्याने त्यापायी अनेक वर्षे कैद भोगली. नॉर्वेत ते फर्मान 1842 मध्ये रद्द झाले.

जॉन वेस्लीची वर्गसभा : गृहमंडळीचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला नमुना वेस्लीने इंग्लंडमध्ये उभारलेल्या मेथडिस्ट चळवळीचा आहे, आणि त्याचा उगम पैशाच्या अडचणीत आहे. ब्रिस्टलच्या सभागृहावरचे कर्ज फेडण्याचा विचार 15 फेब्रुवारी 1742 रोजी चालला होता. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना पुढे आली. गरिबांना तेही परवडणारे नाही, असे कोणी म्हणताच फॉय नावाच्या कप्तानाने तोड सुचवली : आपल्याकडे अकरा गरीब द्या, त्यांच्याकडून आपण आठवड्याला जाऊन पेनी घेऊ आणि ज्याला जमणार नाही त्याची स्वतः भरू. अशा रीतीने बारा-बारा जणांचे वर्ग पडले. वर्गप्रमुख दारोदार फिरू लागले, तेव्हा कोणाच्या घरी भांडण आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, कोण आजारी आहे, हे त्यांना दिसू लागले. वर्गणीच्या निमित्ताने सुरू झालेले हे काम माणसांची काळजी घेण्याचे आहे, हे वेस्लीच्या लगेच ध्यानात आले. घरोघरी जाण्याऐवजी सगळ्यांनी एकत्र जमावे, असे मग ठरले.

वर्गसभेत व्याख्यान नसे. प्रमुख आधी स्वतःच्या आठवड्याविषयी बोले आणि मग एकेकाला विचारी, तुझा जीव कसा आहे? 1743 च्या नियमांत अपेक्षा साध्या शब्दांत सांगितल्या होत्या : कोणाचे वाईट करू नये, जमेल तितके भले करावे, आणि प्रार्थना, वचन, प्रभुभोजन यांत खंड पडू देऊ नये. दर तिमाहीला सभासदाला नवे तिकीट मिळे. वर्तन बिघडलेल्याला ते नाकारले जाई. खाणकामगार आणि कारागीर यांना माणसे सांभाळण्याची जबाबदारी इथे मिळाली. स्त्रियाही वर्गप्रमुख होत्या. 1761 मध्ये डर्बी इथे वर्ग घ्यायला गेलेल्या सारा क्रॉस्बीसमोर तीसच्या जागी सुमारे दोनशे माणसे जमली. एकेकाशी बोलणे शक्य नव्हते, म्हणून तिने सर्वांना एकदम उद्देशून भाषण केले. स्त्रियांच्या प्रवचनाला वेस्लीची संमती मिळण्याच्या वाटेवर ही घटना महत्त्वाची ठरली. वेस्लीच्या घरात त्याला पूर्वपीठिका होतीच : त्याची आई सुझाना हिने नवरा लंडनला असताना 1711–12 च्या हिवाळ्यात रविवारी संध्याकाळी घरी प्रवचने वाचून दाखवली, तेव्हा शेजारपाजारची सुमारे दोनशे माणसे येऊ लागली होती.

एकोणिसाव्या शतकात मेथडिस्ट मंडळ्या सुस्थिर झाल्या, कायमचे पाळक आणि संडे स्कूल आले, तशी वर्गसभा उपचारापुरती उरली. गट टिकला पण त्यात प्रश्न विचारणे थांबले, की तो आतून रिकामा होतो. आजच्या अनेक घरप्रार्थनांनाही हे लागू आहे. पाळकाने येऊन अर्धा तास संदेश द्यावा, बाकीच्यांनी ऐकून चहा घ्यावा, एवढ्यावर ती थांबली तर उपासनेचीच छोटी आवृत्ती होते.

विसाव्या शतकात ही पद्धत जगभर पसरली. चीनमध्ये 1966 पासून सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चर्च बंद पडली, तरी घरांतून उपासना चालू राहिली; 1979 पासून चर्च पुन्हा उघडू लागली तेव्हा श्रद्धाळूंची संख्या घटण्याऐवजी वाढलेली होती. दक्षिण कोरियात सोलच्या योंगी चो या पाळकाने 1960 च्या दशकात अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यावर घरगटांचे नेतृत्व मुख्यतः स्त्रियांकडे सोपवले आणि त्याची मंडळी जगातल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक झाली. लॅटिन अमेरिकेत धर्मगुरूंची टंचाई आणि दारिद्र्य यांतून तळागाळातले समूह उभे राहिले. 1968 च्या मेदेयीन परिषदेत तिथल्या बिशपांनी त्यांना पाठिंबा दिला. या समूहांत बायबलवाचनाच्या जोडीने जमीन, पाणी आणि मजुरीचे प्रश्नही चर्चिले जात.

आशियातल्या कॅथलिक बिशपांनी 1990 मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंग इथे हाच मार्ग पत्करला. मुंबई महाधर्मप्रांतात बॉस्को पेन्हा या बिशपांनी लहान ख्रिस्ती समूहांसाठी दीर्घकाळ काम केले. अनेक ठिकाणी या समूहांत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची सात पायऱ्यांची रीत वापरतात : प्रभूला बोलावणे, उतारा वाचणे, मनाला भिडलेला शब्द मोठ्याने पुन्हा उच्चारणे, शांत राहणे, अनुभव सांगणे, काय करायचे ते ठरवणे, उत्स्फूर्त प्रार्थना. यांतली सहावी पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईला दवाखान्यात कोणी न्यायचे हे नेमके तिथेच ठरायचे असते. गोव्यात या समूहांना जुना आधार मिळाला. वाड्यावरच्या क्रुसापाशी किंवा कोणाच्या घरी लादाइन्य ही प्रार्थना गाणे आणि नंतर उकडलेले चणे वाटणे, ही तिथली रीत पिढ्यानपिढ्यांची आहे.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत घरच्या बैठकीची गरज खेड्यांनी निर्माण केली. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले. तिथल्या अनेक गावांत ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली, बहुतेक दलित समाजातली. पाळक येई तो कधीमधी. ओट्यावर जमलेली चार घरे हीच गावची मंडळी. तिला भजनाचा सूर दिला तो नारायण वामन टिळकांनी. पेटी-तबल्यावर गायची त्यांची पदे आजही घरप्रार्थनेत म्हटली जातात. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ व्हावा, ही त्यामागची तळमळ होती. 1919 मध्ये त्यांच्या निधनामुळे तो प्रयत्न अर्ध्यावर राहिला.

गट चालवण्यातल्या अडचणी सगळीकडे सारख्या आहेत. प्रार्थनेसाठी सांगितलेले दुःख दुसऱ्या दिवशी गल्लीत चर्चेला आले तर पुढे कोणी तोंड उघडत नाही. म्हणून गुप्ततेचा नियम पहिल्या बैठकीतच सांगावा लागतो. पाहुणचाराची चढाओढ लागली की एका खोलीत राहणारे कुटुंब आपल्याकडे बैठक बोलवायला कचरते. काही मंडळ्यांनी फक्त चहा असे ठरवून ही अडचण दूर केली आहे. एकाच व्यक्तीच्या हाती वर्षानुवर्षे सूत्रे राहिली तर तिचे मत हेच वचन ठरू लागते, त्यामुळे प्रमुखाला दुसऱ्या कोणाला तरी उत्तर द्यावे लागणे आवश्यक असते; वेस्लीचे वर्गप्रमुख दर आठवड्याला आपला अहवाल देत. आणि माणसे पंधराच्या पुढे गेली की गटाचे दोन करावे लागतात. जुळलेली माणसे वेगळी व्हायला तयार नसतात, म्हणून नव्या गटाचा प्रमुख वर्षभर आधीच हाताशी घेऊन तयार केला जातो.