शिंजीर, वटवाघूळ आणि पंक्तिप्रपंच

ठाण्याच्या येऊर डोंगरात पळस फुलला की जांभळा शिंजीर दिवसा त्याचा मध चाखतो. मोहाच्या फुलांवर रात्री येते ते फळखाऊ वटवाघूळ. दोघांच्याही अंगाला लागून पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. विज्ञानात दोघांची नोंदही आगेमागेच झाली: शिंजिराची लॅथमने १७९० साली, वटवाघळाची वालने १७९७ साली, तरंगंबाडीच्या नमुन्यावरून.

मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पंक्तिप्रपंच केला. शिंजीर चौथ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित. फळखाऊ वटवाघळे पाचव्या अनुसूचीत, उंदीर-कावळ्यांच्या सोबतीने, ‘उपद्रवी’. पेरू-चिकूच्या बागाइतदाराची तक्रार खोटी नव्हती, हे आम्ही मान्य करतो. पण रात्रीच्या परागवाहनाचा जमाखर्च कोणी मांडलाच नाही.

यातला अपवाद मोठा बोलका आहे. १९४८ साली दक्षिणेत मिळालेले एक वटवाघूळ मुंबईच्या बीएनएचएसच्या संग्रहात याच सामान्य जातीचे म्हणून पडून होते. थाँगलाँग्याने ते निराळे ओळखले, तेही १९७२ सालीच, आणि त्याला सालिम अलींचे नाव दिले. त्याला पुढे पहिल्या अनुसूचीचे कवच मिळाले. डोंबिवलीतल्या खोट्या अशोकाच्या पानांआड लटकणारे त्याचे सामान्य भाऊबंद उपद्रवीच राहिले.

२०२२ च्या दुरुस्तीने ही उपद्रवींची अनुसूची काढून टाकली. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. कलम ६२ खाली एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवण्याचा केंद्राचा अधिकार मात्र कायम आहे.