ड्रायव्हर माजघरात की ओसरीवर?

कॉम्प्युटरच्या इतिहासावर पुस्तकं भरपूर आहेत. प्रोसेसरचा इतिहास आहे, प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा आहे, इंटरनेटचं तर विचारूच नका. डिव्हाइस ड्रायव्हरच्या वाट्याला मात्र फार तर तळटीप येते. तो नीट चालतो तेव्हा तो आहे हेच कोणाला कळत नाही, आणि बिघडतो तेव्हा लोक विंडोजला शिव्या घालून मोकळे होतात. म्हणून म्हटलं, या शनिवार-रविवारी ग्राफिक्स ड्रायव्हरची गोष्ट लिहून काढावी. तीही एकच प्रश्न धरून: दुसऱ्या कंपनीने लिहिलेला हा कोड आपल्या घरात किती आतपर्यंत येऊ द्यायचा?

आधी घराची रचना. प्रोसेसर कोड दोन पातळ्यांवर चालवतो. एक कर्नल मोड, म्हणजे माजघर. तिथे असलेल्याला सगळी मेमरी, सगळं हार्डवेअर मोकळं. दुसरा यूजर मोड, म्हणजे ओसरी. तिथल्याने काही मागायचं तर कर्नलला हाक मारायची, आत शिरायचं नाही. ओसरीवर कोणी धडपडलं तर त्या एका प्रोग्रॅमचं नुकसान. माजघरात धडपडलं तर सगळं घर खाली, म्हणजे आपला तो निळा पडदा. सुरक्षित ओसरी सोडून कोणी आत का जाईल? तर वेगासाठी. उंबरठा ओलांडायला दर वेळी वेळ लागतो, आणि ग्राफिक्सचा कोड तो सेकंदाला हजारो वेळा ओलांडत असतो.

डॉसच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण घराला भिंतीच नव्हत्या. १९८३ मध्ये आलेल्या डॉस २.० पासून कॉन्फिग डॉट सिस फाइलमध्ये एक ओळ लिहून बाहेरचा ड्रायव्हर बसवता यायला लागला, पण गेम लिहिणारे त्याच्या भानगडीत पडत नसत. ते थेट कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहायचे. प्रत्येक गेम आपले ड्रायव्हर बरोबर घेऊन यायचा. त्या काळात गेम खेळलेल्यांना सेटअपचा तो पडदा आठवत असेल: साउंड ब्लास्टर, पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. मला आजही आमच्या जुन्या फोन नंबरपेक्षा हे आकडे जास्त पाठ आहेत :-)

विंडोजने ही मोकळीक काढून घेतली तेव्हा गेमवाले नाराज झाले. त्यांना वळवायला मायक्रोसॉफ्टने विनजी नावाची लायब्ररी काढली. १९९४ च्या नाताळात डिस्नेचा 'लायन किंग'चा गोष्टीचा प्रोग्रॅम तिच्यावर बेतून बाजारात आला. नेमक्या त्याच हंगामात कॉम्पॅकची प्रेसारिओ मशीन्स घरोघरी गेली होती, आणि त्यांतल्या व्हिडिओ ड्रायव्हरशी विनजीचं जमेना. नाताळच्या सकाळी पोरांनी सीडी घातली आणि मशीन कोसळलं. बोभाटा झाला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९५ मध्ये, डायरेक्टएक्स आलं. ॲलेक्स सेंट जॉन, क्रेग आइस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम या तिघांचं ते काम. कर्ता हार्डवेअरपासून दूर ठेवायचा नाही, जवळच जाऊ द्यायचा, पण मधला दरवाजा आपला, अशी ती युक्ती.

हे झालं विंडोज ९५ च्या घराण्याचं. मायक्रोसॉफ्टचं दुसरं घराणं एनटीचं, आणि आपली खरी गोष्ट तिथली आहे.

डेव्ह कटलर १९८८ मध्ये डीईसी सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये आले. डीईसीत त्यांनी व्हीएमएसवर काम केलेलं, त्यामुळे मशीन पडणं म्हणजे त्यांच्या लेखी लाजिरवाणी गोष्ट. १९९३ च्या जुलैमध्ये एनटी ३.१ बाहेर पडलं त्यात खिडक्या काढणारा सगळा कारभार यूजर मोडमधल्या एका वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवला होता. चित्र काढणारा डिस्प्ले ड्रायव्हरही तिथेच. कर्नलमध्ये फक्त कार्डाशी थेट बोलणारा लहानसा तुकडा. थोडक्यात, पाहुणा ओसरीवर आणि त्याचा निरोप्या तेवढा आत. माझ्या मते पहिल्याच फटक्यात त्यांनी उत्तर बरोबर काढलं होतं.

पण ते हळू होतं. प्रोग्रॅमने एक रेघ मारायची म्हटली तरी दुसऱ्या प्रोसेसला निरोप धाडायचा आणि उत्तराची वाट बघायची. निरोप गठ्ठ्याने पाठवा, मेमरी वाटून घ्या, असे बरेच उपाय केले, तरी त्या काळच्या प्रोसेसरला ते जडच जायचं. मग १९९६ च्या एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडो मॅनेजर, चित्र काढणारा जीडीआय आणि डिस्प्ले ड्रायव्हर, सगळं उचलून कर्नलमध्ये नेलं. त्यांचा युक्तिवाद असा की ती ग्राफिक्सची प्रोसेस मेली तर तसंही मशीन चालू राहत नव्हतं, मग आत नेऊन बिघडलं काय?

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात एक फट आहे. ओसरीवरची प्रोसेस मरते तेव्हा ती स्वतःच मरते. माजघरातला ड्रायव्हर मरायच्या आधी दुसऱ्याच्या मेमरीवर काहीबाही लिहून ठेवू शकतो. मशीन मग दहा मिनिटांनी भलत्याच ठिकाणी पडतं, आणि गुन्हेगार सापडत नाही. ज्याने रात्री दोन वाजता क्रॅश डंप उघडून बघितलाय त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

१९९६ मध्ये हे खपून गेलं, कारण एनटी तेव्हा ऑफिसात आणि सर्व्हरवर होतं आणि कार्डं साधी होती. पण पुढच्या पाच वर्षांत दोन गोष्टी झाल्या. एक, कार्डं साधी राहिली नाहीत. १९९६ मध्येच थ्रीडीएफएक्सचं वूडू आलं, १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढून त्याला जीपीयू म्हणायला सुरुवात केली, आणि २००१ च्या जीफोर्स ३ पासून कार्डावर शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅमच चालवता यायला लागले. प्रोग्रॅम आला की त्याला कार्डाच्या भाषेत उतरवणारं काहीतरी हवं, म्हणजे ड्रायव्हरच्या पोटात आता एक कंपायलर. दुसरं, २००१ च्या ऑक्टोबरमध्ये एक्सपी आलं आणि एनटीचं घराणं घराघरांत पोचलं. लॅमिंग्टन रोडवरून मशीन जोडून आणायचं आणि कार्डाच्या खोक्यातली ड्रायव्हरची सीडी जपून ठेवायची, ते हे दिवस. त्या सीडीतला डायरेक्ट थ्रीडीचा ड्रायव्हर थेट माजघरात जाऊन बसायचा हे तेव्हा कितीजणांना ठाऊक होतं?

त्यात कार्डांच्या कंपन्यांची जीवघेणी शर्यत. २००१ मध्ये असं उघड झालं की एटीआयचा ड्रायव्हर 'क्वेक ३' हा गेम नावावरून ओळखतो. प्रोग्रॅममधलं 'क्वेक' बदलून 'क्वॅक' केलं की वेग उतरायचा! २००३ मध्ये थ्रीडीमार्क ०३ या चाचणीत एनव्हिडियाचा ड्रायव्हर लबाडी करतो असं ती चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कने म्हटलं. अशा घाईत लिहिलेला कोड कर्नलमध्ये.

ड्रायव्हर लिहिणारे मठ्ठ असतात असं मात्र नाही. २००१ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कर्नल आपल्या टूलने तपासला, तर बाकीच्या कर्नलच्या मानाने ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण काही प्रकारांत तिपटीपासून सातपटीपर्यंत भरलं. मला त्याचं कारण सरळ दिसतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला आपलं कार्ड चोख माहीत असतं, पण कर्नलचे न लिहिलेले नियम माहीत नसतात. मायक्रोसॉफ्टमध्ये थॉमस बॉल आणि श्रीराम राजामणी यांनी साधारण याच काळात स्लॅम हा प्रकल्प केला. ड्रायव्हर न चालवताच, नुसता सोर्स कोड तपासून तो कर्नलचे नियम मोडतो का हे तो शोधायचा. पण नियम पाळणाऱ्या ड्रायव्हरचं कार्डच अडकून बसलं तर काय? तिथे घराचीच रचना बदलायला हवी होती.

ती बदलली व्हिस्टामध्ये, जानेवारी २००७ ला. व्हिस्टाला लोकांनी इतकं झोडपलं की त्यातलं हे काम झाकोळून गेलं. आता पडद्यावरची प्रत्येक खिडकी जीपीयूवरून रंगणार होती, म्हणजे कार्ड एका गेमच्या मालकीचं न राहता सगळ्यांमध्ये वाटायचं होतं. म्हणून ड्रायव्हरची वाटणी केली. कंपायलरसकट मोठा भाग यूजर मोडमध्ये, त्या त्या प्रोग्रॅमच्या प्रोसेसमध्ये. आत फक्त लहान तुकडा. आणि कार्डाची मेमरी कोणाला किती, पाळी कोणाची, हे ठरवणं मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे घेतलं. १९९३ ची वाटणीच नव्या रूपात परत आली म्हणा ना.

त्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे दोन सेकंदांचं घड्याळ. जीपीयूला दिलेलं काम त्याने दोन सेकंदांत सोडलं नाही, तर विंडोज समजतं की तो अडकला. मग कार्ड रीसेट करतं आणि ड्रायव्हर पुन्हा उभा करतं. पडदा क्षणभर काळा होतो, कोपऱ्यात 'डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला' अशा अर्थाची ओळ येते, आणि तुमची वर्डची फाइल जिथल्या तिथे असते. एक्सपीत हाच प्रसंग निळ्या पडद्यावर संपायचा. मला हा गेल्या तीस वर्षांतल्या उत्तम शोधांपैकी एक वाटतो. गणिताची लांबलचक कामं जीपीयूवर चालवणारे मात्र या दोन सेकंदांना वैतागतात आणि रजिस्ट्रीत जाऊन ती मुदत वाढवून घेतात. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

व्हिस्टा आल्यावर लगेच सुख लाभलं असं नाही. सगळे ड्रायव्हर नव्याने लिहायला लागले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. त्यांतल्या २००७ च्या नोंदींत व्हिस्टाच्या क्रॅशेसपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. एनव्हिडियाची कार्डंच तेव्हा खूप होती हे धरलं तरी आकडा मोठाच.

आता लिनक्सकडे या, कारण गंमत तिथे आहे. लिनक्सची गोष्ट बरोबर उलट्या टोकाकडून सुरू होते. तिथे ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधीपासून बाहेर, एक्स सर्व्हर या यूजर मोडच्या प्रोग्रॅममध्ये. म्हणजे आदर्शच की! पण हा ओसरीवरचा पाहुणा रूटचे अधिकार घेऊन बसलेला. तो कार्डाची रजिस्टरं स्वतःच्या मेमरीत जोडून घ्यायचा आणि कर्नलला न विचारता फिरवायचा. पडदा कुठल्या मोडमध्ये आहे हे कर्नलला माहीतच नसायचं. त्यामुळे एक्स कोसळला की पडद्यावर रांगोळी, आणि कर्नल स्वतः कोसळला तर कारणाचा संदेश दाखवायला जागा नाही. लॅपटॉप झोपवून उठवला की काळा पडदा, हा तर नित्याचा अनुभव. ओसरीवर बसवलं, पण किल्ल्यांचा जुडगाही त्याच्याच हातात दिला, तर काय उपयोग?

ती बाजू हळूहळू आत सरकली. मार्च २००० च्या एक्सफ्री८६ ४.० मध्ये डीआरआय आलं, त्याने कर्नलमध्ये एक पहारेकरी बसवला. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ कर्नलमध्ये इंटेलच्या कीथ पॅकार्ड आणि एरिक ॲनहोल्ट यांचा जेम हा मेमरी सांभाळणारा भाग आला. मार्च २००९ च्या २.६.२९ मध्ये इंटेलच्या कार्डांसाठी पडद्याचा मोड ठरवण्याचं कामही कर्नलने घेतलं. शेडरचा कंपायलर मात्र बाहेर, मेसा लायब्ररीतच राहिला. म्हणजे मायक्रोसॉफ्टने आतलं बाहेर काढलं, लिनक्सवाल्यांनी बाहेरचं आत घेतलं, आणि दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोघं एकाच उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. मेमरी, पाळी आणि रीसेटचं बटण कर्नलकडे, बाकी सगळी हुशारी बाहेर.

लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर तेवढा बंद पेटीतला राहिला. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून त्या कंपनीला मधलं बोट दाखवलं ते प्रकरण सगळ्यांना माहीत आहेच. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग अखेर खुला केला. लोकांनी सोर्स कोड उघडून बघितला, तर बरंचसं महत्त्वाचं काम तिथे नव्हतंच. ते गेलं होतं कार्डावर. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून त्यांच्या जीपीयूत जीएसपी नावाचा एक छोटा प्रोसेसर असतो, आणि पूर्वी ड्रायव्हर जे करायचा त्यातलं बरंच काही त्याच्यावरचं फर्मवेअर करतं. ते बंदच आहे. कर्नलमधला खुला कोड त्याला निरोप पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो, एनटी ३.१ मध्ये निरोपानिरोपी चालायची तशी.

आणि उत्तर आलं नाही तर? कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ उमटते, एक्सआयडी ११९. जीएसपीने वेळेत उत्तर दिलं नाही, असा तिचा अर्थ. एआयची मोठी क्लस्टर्स सांभाळणाऱ्यांना हा आकडा चांगला ओळखीचा आहे. ते आधी कार्ड रीसेट करून बघतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सगळं मशीन रीबूट करतात.