नव्या पुलावरून बालेवाडीला

शनिवारवाड्याच्या पटांगणात उभं राहून भूतकाळात जायचं म्हटलं की गाइड तुम्हाला थेट १७७३ मध्ये नेतो, नारायणरावांच्या किंकाळीपाशी. आज तिकडे फिरकायचं नाही. तुम्हाला उतरायचंय १९३० च्या दशकात, अशाच एका संध्याकाळी, याच शनिवार पेठेत.

पायाखाली माती आहे. पोरांनी टाचेने रेघा ओढून मैदान आखलंय. एकेका बाजूला नऊ-नऊ गडी, चड्ड्या खोचलेल्या, अंगात सदरे नाहीत. खेळ मात्र अजून सुरू झालेला नाही, कारण भांडण चालू आहे: संजीवनी खेळायचं, गामिनी की अमर? संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला मेलेला जिवंत होऊन आत येतो. गामिनीत मेला तो मेला, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये मरूनही आतच राहायचं, फक्त गुण मोजायचे. एकदाचं संजीवनीवर जमतं आणि ‘हुतूतूतू’ करत पहिला गडी शिरतो. कोपऱ्यातला पोरगा त्याच्या घोट्यावर झेप घेतो, तिघे वर पडतात, दम तुटतो. उठतो तेव्हा गुडघ्याचं सालटं गेलेलं असतं आणि त्यावर तो मातीच चोळतो. याचे पैसे मिळतील असं तुम्ही त्याला सांगून पाहा, वेड्यात काढेल. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं हाच खेळ बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवून येतील, हेही त्याला खरं वाटणार नाही.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. १९५० मध्ये या हुतूतूचा, म्हणजेच कबड्डीचा, अखिल भारतीय महासंघ झाला, १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये खेळ आला आणि भारताने सुवर्ण आणलं. आता नवा पूल ओलांडा (शंभरी उलटली तरी पुणेकरांना तो नवाच), मनपाला बालेवाडीची बस धरा आणि २०१४ मध्ये उतरा.

प्रो कबड्डी लीग त्या २६ जुलैला मुंबईत सुरू झाली. आठ संघ, त्यातला एक पुणेरी पलटण. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत तुम्ही बसता तेव्हा माती कुठेच दिसत नाही. मॅट आहे, खेळाडूंच्या पायात बूट आहेत, डोळे दिपवणारे दिवे आहेत. एका बाजूला सातच गडी, आणि चढाईला घड्याळ लावलेलं: तीस सेकंद. वझीर सिंग कर्णधार आहे. पलटण हरते, पुन्हा हरते आणि मोसम संपताना तळाला असते. दुसऱ्या मोसमातही तळालाच. पेठेतून आलेले शेजारचे काका म्हणतात, ‘मातीवर खेळवा यांना, मग बघा.’ खेळाडूंपैकी कितीजण पुण्याच्या मातीतले आहेत, हा प्रश्न तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही.

२०१६ मध्ये एकाच वर्षात दोन मोसम झाले. मंजीत चिल्लरच्या पलटणीने दोन्हींत तिसरा क्रमांक मिळवला. बरं वाटलं, पण चषक लांबच होता. त्यानंतरची बरीच वर्षं म्हणजे लिलावात नावाजलेला खेळाडू घ्यायचा आणि पुढच्या वर्षी बदलायचा, असा खटाटोप. त्यात रेंगाळण्यासारखं फार नाही.

माझ्या मते हा संघ खरा उभा राहिला डिसेंबर २०२१ मध्ये, आणि ते बघायला बालेवाडीला जायची सोयच नव्हती. करोनामुळे अख्खा मोसम बेंगळुरूत, प्रेक्षकांविना. तुम्ही पेठेतल्या घरी टीव्हीपुढे बसलाय. प्रशिक्षक अनुप कुमार नवोदितांमधून घेतलेली दोन पोरं उतरवतो: नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. अस्लम चढाईला जातो, गुण घेतो, परत येऊन लगेच साखळीत उभा राहून पकडही करतो. या पोराला विकू नका, असं तुम्ही टीव्हीलाच सांगता.

विकत नाहीत. पुढच्या वर्षी बी. सी. रमेश प्रशिक्षक म्हणून परततात, २०१९ मध्ये बेंगाल वॉरियर्सला विजेते करून आलेले. इराणचा फझल अत्राचली कर्णधार होतो. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत पलटण पहिल्यांदा अंतिम सामना खेळते आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरते.

आता दहावा मोसम. कर्णधार अस्लम. डाव्या कोपऱ्यात इराणचाच मोहम्मदरेझा शादलू, २ कोटी ३५ लाखांचा. साखळीतल्या बावीस सामन्यांत पलटण फक्त दोन हरते. १ मार्च २०२४ ला तुम्ही हैदराबादच्या गच्चीबावलीत आहात, समोर हरियाणा स्टीलर्स. सामना गुंतलेला, एकेका गुणाचा. मध्यंतर जवळ आलंय आणि पंकज मोहिते चढाईला निघतो. हरियाणाचे बचावपटू त्याला घेरायला येतात, तो सुटतो, मध्यरेषा गाठतो, आणि पंच बोटं वर करतात: चार गुण. उत्तरार्ध सुरू होताच हरियाणाचा अख्खा संघ बाद होतो, लोण बसतो. शेवटी २८-२५. पुण्याचा पहिला चषक.

आणि त्याच वर्षाची २९ डिसेंबर. अंतिम सामना चक्क बालेवाडीत, पण गतविजेती पलटण पहिल्या सहांतही नाही. तुमच्या डोळ्यांदेखत पाटण्याला हरवून चषक उचलतात ते हरियाणावाले. तिकीट आधी काढून ठेवलेले काका त्या दिवशी काय बोलले, ते छापता येणार नाही.

३१ ऑक्टोबर २०२५ ला पलटण पुन्हा अंतिम सामन्यात आहे, दिल्लीत, दबंग दिल्लीविरुद्ध. निकाल २८-३१. काका टीव्ही बंद करून हिशेब करतात: हैदराबादेत जिंकलो तेही तीनच गुणांनी.