शिवेपलीकडची हाक

घराला आग लागली, दरोडा पडला किंवा घरातील माणूस अत्यवस्थ झाला, म्हणजे मनुष्य मदतीसाठी हाक मारतो. त्या क्षणी राज्याची सीमा कोठे आहे, याचा विचार त्याच्या मनात येत नाही. हाकेला ओ देणाऱ्याला मात्र हद्दीचे भान सोडता येत नाही. ज्या मुलखात राज्ये लहान आणि सीमा पावलापावलावर, तेथे मदत नेमकी कोणाकडे मागावी हा प्रश्न जीवनमरणाचा होऊन बसतो. बेळगाव आणि निपाणीच्या परिसराला या प्रश्नाचा अनुभव दोनशे वर्षांचा आहे.

पेशवाईच्या अखेरीस गावगाड्यापाशी या प्रश्नाचे एक साधे उत्तर होते. चोरी झाली की गावचा जागल्या चोराच्या पावलांचा माग काढीत निघे. माग शिवेपर्यंत पोचला म्हणजे तो शेजारच्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन केला जाई आणि पुढचा शोध त्याने करावयाचा असे. ज्या गावात माग संपे, त्या गावावर नुकसान भरून देण्याची जबाबदारीही येत असे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीची नोंद करून ठेवली आहे. शीव ओलांडताच जबाबदारी संपत नव्हती. ती एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

१८१८ च्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला मन्रोच्या हाती पडला. १८३६ मध्ये धारवाडातून वेगळा काढून बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. निपाणीकर देसाई सिधोजीराव निंबाळकर १८३९ मध्ये निवर्तले आणि पुढे त्यांचा मुलूखही इंग्रजी अमलाखाली गेला. तथापि भोवताली कोल्हापूर, सांगली, कुरुंदवाड, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग अशी संस्थाने तशीच राहिली. बेळगाव शहराला खेटून असलेले शहापूर तर सांगली संस्थानचे. बेळगावच्या पेठेत चोरी करणारा चार पावले चालून शहापुरात शिरला, की तो परक्या राज्यात गेला. इंग्रजी फौजदाराला त्याच्या पाठोपाठ जाऊन त्याला धरण्याची मुभा नव्हती. पत्रव्यवहार पोलिटिकल एजंटाच्या कचेरीतून व्हावयाचा, आणि कागद पोचेपर्यंत चोर तिसऱ्याच संस्थानात! सीमा कोठे आहे हे चोराला पक्के ठाऊक असे; नागवल्या गेलेल्या माणसाने मात्र कोणत्या कचेरीचा उंबरठा झिजवावा, हे त्याला कळत नसे.

दक्षिणेतील बहुतेक संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही त्यांत आले. अशा रीतीने हा सारा टापू एका सरकारच्या अमलाखाली आला, पण तो केवळ पावणेआठ वर्षे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटरांवर, तर जिल्ह्याचे ठाणे बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. साहजिकच जवळची मदत एका राज्याची आणि हक्काची मदत दुसऱ्या राज्याची, असा पेच येथे पडतो. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली. नदीने राज्याची सीमा विचारली नव्हती.

एकाच क्रमांकावर मदत मागण्याची सोय लंडनमध्ये १९३७ साली सुरू झाली. भारतात पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ असे क्रमांक रूढ झाले. पुढे १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून धावू लागली. आता ११२ हा सर्वांसाठी एकच क्रमांक आहे. परंतु लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशात तो फिरवला, तर त्याच देशाचे केंद्र उत्तर देते. आपल्याकडे प्रत्येक राज्याचे केंद्र निराळे. कागल आणि कोगनोळी यांच्या दरम्यान भ्रमणध्वनी कोणत्या राज्याच्या मनोऱ्याला जोडला जाईल, याची शाश्वती नसते. म्हणून सीमेवरच्या माणसाने प्रथम गाव, तालुका आणि राज्य सांगावे व मग काय घडले ते सांगावे. हाक योग्य ठिकाणी पोचण्याचा हाच खात्रीचा मार्ग होय.

कायद्यानेही या दिशेने एक पाऊल टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नव्हे’ असे म्हणून फिर्यादीला परत पाठविता येत नाही. खबर नोंदवून घ्यावी आणि मग ती संबंधित ठाण्याकडे सोपवावी, हा नियम आज सुधारणा म्हणून ओळखला जातो. शिवेवर माग पुढच्या हाती देणारा जुना जागल्या याहून निराळे काय करीत होता? शीव ही कारभाराच्या सोयीसाठी असते. ती ओलांडण्याचे ओझे संकटात सापडलेल्या माणसावर पडू नये, एवढीच त्या जागल्याची शिकवण आहे.