विकार कशाला म्हणायचं: एका व्याख्येची कुळकथा

मानसशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात अपसामान्य वर्तनाचे दोन निकष आधी येतात. फार थोड्यांत दिसतं ते अपसामान्य, हा एक; समाजाची रीत मोडतं ते अपसामान्य, हा दुसरा. हे दोन्ही निकष वऱ्हाडातच, मराठी गद्याच्या उगमापाशी, पारखून पाहता येतात. तेराव्या शतकात रिद्धपूरला राहणाऱ्या गोविंदप्रभूंचं चरित्र म्हाइंभटांनी संकलित केलं. त्यातले प्रभू एकटेच हसतात, बोलतात, कुणाच्याही घरात शिरतात, दिसेल ते खातात, शिवाशीव पाळत नाहीत. गावकरी त्यांना वेडं म्हणतात, आणि संकट आलं की त्यांच्याकडेच धावतात. पुस्तकी दोन्ही निकष इथे पुरेपूर लागू पडतात, तरी त्यांना रोगी ठरवून गावाबाहेर काढावं असं रिद्धपूरला वाटलं नाही. वेगळेपण आणि विकार या दोन गोष्टी आहेत, एवढी समज त्या चरित्रात नक्कीच आहे.

यावर कुणी म्हणेल, श्रद्धेनं त्यांना वाचवलं. साध्या माणसाला साखळदंडच मिळाला असता. हे खरं आहे. म्हणूनच तर माणसामाणसाच्या भाग्यावर न सोडता ठरलेली व्याख्या हवी. पण ती आली ती आधी सरकारी गरजेतून. नागपूरला 1864 साली वेड्यांचं इस्पितळ निघालं, आणि विदर्भातल्या रोग्यांसाठी पुढे तोच मोठा आधार राहिला. 1912 च्या कायद्यानं वेडा म्हणजे जडबुद्धी किंवा मन ठिकाणावर नसलेला माणूस, एवढंच सांगितलं. मन ठिकाणावर नसणं म्हणजे काय, ते सांगितलं नाही. भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिसांनी पकडावं आणि दंडाधिकाऱ्यानं हुकूम काढावा, हा त्याचा गाभा. 1987 च्या कायद्यानं 1912 चा कायदा मोडीत काढला, पण नवा कायदा अंमलात यायला 1993 उजाडलं.

रीत मोडणं हाच रोग मानला तर काय होतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. 1851 मध्ये सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरनं गुलामांच्या पळून जाण्यालाच आजार ठरवून नाव दिलं. समलैंगिकताही तिथल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत होती. 1973 मध्ये ती वगळली गेली. ती वगळण्याच्या वादात मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांना एका प्रश्नाला भिडावं लागलं: यादीतल्या सगळ्या विकारांत समान काय? त्यांचं उत्तर असं की, माणसाला स्वतःला त्रास होतो किंवा त्याचं जगणं अडतं. त्या यादीच्या 1980 च्या आवृत्तीत हाच विचार व्याख्या म्हणून आला. माझ्या मते या कुळकथेतलं हे सर्वांत मोलाचं वळण आहे, कारण इथे पहिल्यांदा प्रश्न शेजाऱ्यांना न विचारता त्या माणसाला विचारला गेला.

अर्थात त्रास हा एकटा निकष पुरत नाही. उन्मादाच्या भरात शेत विकायला निघालेल्याला काहीच त्रास होत नसतो. उलट सोयाबीन पाण्यात गेलं, पीककर्ज थकलं, म्हणून वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावच्या एखाद्या शेतकऱ्याची झोप उडाली, तर तो रोगी कसा? अभ्यासक जेरोम वेकफिल्ड यांनी 1992 मध्ये यावर दोन अटी एकत्र बांधल्या: मनाची एखादी यंत्रणा बिघडलेली हवी आणि त्यातून हानीही व्हायला हवी. भारताचा 2017 चा मानसिक आरोग्य कायदा याच्या जवळ येतो. विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांत मोठा बिघाड, आणि त्यामुळे निर्णय, वर्तन, वास्तवाची ओळख किंवा रोजच्या जगण्याच्या गरजा पेलण्याची ताकद यांवर गंभीर परिणाम, असं तो म्हणतो. समाजाच्या नैतिक, धार्मिक किंवा राजकीय मूल्यांशी न जुळणं हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. आसेगावच्या पोलीस ठाण्याला आज मानसिक आजार असल्यासारखा वाटणारा, भटकणारा माणूस सापडला, तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावं लागतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप विदर्भातूनच येतो: शेतकऱ्याच्या दुःखाला आजार म्हटलं की भाव, कर्ज, सिंचन हे प्रश्न सरकारच्या अंगावरून निघून जातात. या भीतीला आधार आहे, आणि गोळी देऊन कर्ज फिटत नाही. पण नैराश्याला कारण सापडलं म्हणून ते नैराश्य राहत नाही, असं नाही. सापाच्या दंशाचं कारण ठाऊक असलं तरी विष उतरवावंच लागतं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन मेलेलं, भूक नाही, उठवत नाही, मरणाचे विचार येतात, ही अवस्था कर्जमाफीची वाट पाहत ताटकळत ठेवता येत नाही. आणि तिच्यावर उपचार केल्यानं कर्जमाफीची मागणीही खोटी ठरत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ उपक्रमानं गावातल्याच माणसांना हाताशी धरून अशा उपचारांचं काम केलं. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. म्हणजे तिथेही दर चार पीडितांपैकी जवळपास तिघांपर्यंत मदत पोचायची बाकीच होती.