घरामागची गल्ली



ज्या विषयाचें नांव चारचौघांत घेण्यास आपण संकोचतों, त्याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे. हा संकोच आपल्या भाषेंत पुरता मुरलेला आहे. 'परसाकडे जाणें', 'बहिर्दिशेस जाणें' यांत क्रियेचा उल्लेखच नाहीं, केवळ दिशेचा आहे. 'शेतखाना' या जुन्या शब्दाचा शेताशीं संबंध नाहीं. तो 'सेहतखाना', म्हणजे आरोग्याचें घर, याचा अपभ्रंश. 'तारतखान्या'तील 'तहारत' म्हणजे शुद्धि. नांवें अशीं सोज्ज्वळ. पण ती शुद्धि कोणाच्या हातांनीं राखली जाई, हें नांवांवरून कळत नाहीं. तें संडासाच्या बांधणीवरून कळतें.

लोक गांवाबाहेर जात तोंवर मळ ऊन आणि माती यांच्या स्वाधीन होई. शहरांत वस्ती दाट झाली, तसा शौचकूप घराला येऊन चिकटला. टोपलीच्या संडासाची रचना आठवणारे कांहीं श्रोते असतील. उंच चौथरा, वर बसण्याची जागा, खालीं टोपली किंवा डबा, आणि मागल्या अंगास एक लहान दार. तें दार घरांत उघडत नसे, मागल्या बोळांत उघडे. मुंबईंत जुन्या इमारतींच्या मधून ज्या अरुंद 'घरगल्ल्या' दिसतात, त्या याच कामासाठीं राखलेल्या होत्या. मळ उचलणारा मनुष्य घरांतल्यांस दिसूं नये आणि त्याचा स्पर्श होऊं नये, हा त्या रचनेचा हेतु. जातिभेद पोथ्यांत होता, तसा तो विटांतहि बांधला गेला होता.

इंग्लंडांत 1775 सालीं अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें वांकड्या नळीचें पेटंट घेतलें. नळीच्या बांकांत थोडें पाणी साचून राहतें आणि गटाराची दुर्गंधि वर येऊं देत नाहीं. युक्ति साधी होती. पण तिला मुबलक पाणी व भुयारी गटारें लागत. आपल्या बहुतेक गांवांत दोहोंचीहि वाण होती. म्हणून टोपली टिकली आणि ती वाहणारें डोकेंहि टिकलें.

या ठिकाणीं कोंकणांतील अप्पासाहेब पटवर्धन यांचें स्मरण केलें पाहिजे. 1932 सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं स्वतःसाठीं भंगीकाम मागितलें. तें त्यांच्या जातीचें नव्हे म्हणून नाकारण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं अन्नत्याग आरंभिला. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यास महात्माजींनींहि उपोषण केलें. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेबांनीं मळ मातीनें झांकून त्याचें खत करणारे स्वस्त संडास बांधले. या खताला आपल्या शेतकऱ्यानें 'सोनखत' हें नांव कधींच दिलें होतें!

कालांतरानें दोन खड्ड्यांचा संडास प्रचारांत आला. एक खड्डा भरला कीं पाणी दुसऱ्यांत वळवावयाचें. बंद खड्ड्यांतील मळाची वर्षा-दोन वर्षांत कोरडी, निर्गंध माती होते. हातांनीं मळ वाहण्यास 1993 व 2013 सालच्या कायद्यांनीं बंदी केली. तरीहि गटारांत आणि मैल्याच्या टांक्यांत उतरलेले कामगार विषारी वायूनें गुदमरून आजहि मरतात. मागलें दार बुजलें; त्याची जागा आतां जमिनींतील झांकणानें घेतली आहे.

म्हणून नव्या घराचा नकाशा हातीं येईल, तेव्हां दिवाणखान्याची लांबी-रुंदी पाहून झाल्यावर आणखी एक प्रश्न गवंड्यास अवश्य विचारावा: ही टांकी भरल्यावर ती कोण आणि कशानें उपसणार? उत्तरांत यंत्राऐवजीं मनुष्य आला, तर तो नकाशा परत करावा.